नीतिशास्त्राचा शेवटचा तास

ता. ४ फेब्रुवारी

स्वस्ति श्री. सकलविमाशास्त्रपारंगत, परवानाधारकपरंपरापावनकर्त्री, खातेमान्य अध्यापनपीठाधिष्ठित, उपस्थितिपत्रकैकस्वामिनी, विलंबागतदर्पहारिणी, श्वेतखटिकाधारिणी, आणि या सर्व पदव्यांच्या पुष्कळ आधीपासून माझ्या पेन्सिली न विचारता नेणारी माझी एकमेव कनिष्ठ भगिनी चि. धाकटी हिच्या चरणी नव्हे, परंतु चरणांच्या आसपास कुठेतरी, ज्येष्ठ बंधूचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्याचे कारण तूच. भावोजी गेल्यापासून तू माझे फोन घेणे सोडलेस. फोनवर मी हसवतो आणि हसून झाल्यावर तुला काय विचारायचे होते ते राहून जाते, असे तुझे म्हणणे. त्यामुळे आपल्या नात्याचा सर्व व्यवहार हल्ली विमा कंपनीप्रमाणे लेखी चालतो. तक्रार नाही. माझे अक्षर सुंदर आहे.

आता मूळ विषय. परवाना खात्याचा नियम तुला ठाऊक आहेच. किंबहुना तू त्याच्यावरच जगतेस. प्रत्येक विमा प्रतिनिधीने दर दोन वर्षांच्या मुदतीत ठरावीक तास वर्गात बसून पुन्हा शिकावे, त्यांत नीतिशास्त्राचे तास निराळे धरले जातील, आणि ते न भरल्यास परवान्याचे नूतनीकरण होणार नाही. केस पिकेपर्यंत ज्याने गावभर आयुर्विमा विकला त्याला नीती शिकवायला निघालेल्या खात्याचे धैर्य मला वंदनीय वाटते. मी बाकीचे तास निष्ठेने पूर्ण केले. अग्निविमा झाला, वाहनविमा झाला, तळघरात शिरलेले पाणी वरून आले की खालून याविषयीचे एक अत्यंत जलमय व्याख्यानही झाले. नीतीचेही तास मी भरले होते. 'ग्राहकसौजन्य' नावाचा वर्ग होता. गुबगुबीत खुर्च्या, वातानुकूलित सभागृह. तो मला इतका भावला की त्याच मुदतीत तोच वर्ग मी पुन्हा केला. खात्याने कळवले की एका मुदतीत एकच वर्ग दोनदा धरता येत नाही. सौजन्य दुप्पट शिकलेल्या मनुष्यास इतके सौजन्यशून्य उत्तर मिळावे, याला काय म्हणावे ते त्या वर्गात शिकवले नव्हते.

महिनाअखेर माझ्या परवान्याची मुदत संपते. तोवर नीतिशास्त्राचा एकच वर्ग शिल्लक आहे, आणि तो शिकवणारी विदुषी लहानपणी माझ्या पाठीवर बसून घोडा घोडा खेळलेली आहे. नाव नोंदवले आहे. विज्ञापना एवढीच, की माझ्यासारख्याने दिवसभर बाकावर बसणे हे बाकालाही जड. सकाळी दर्शन द्यावे, सही करावी आणि अंतर्धान पावावे, अशी काही सोय असल्यास कळवावे. घरचीच बाई सही घेणारी असताना एवढे अडू नये.

चि. भाचीचा परवाना आल्याचे कळले. माझ्याच कार्यालयात यायचे तिच्या मनात आहे. आईला विचारून सांगते म्हणाली. माझ्यानंतर हे शटर वर करणारे कोणी नाही, हे तुला वेगळे सांगायला नको. खिडकीजवळचे टेबल रिकामे करून घेतले आहे. तिच्याजवळ किल्लीही देऊन ठेवली आहे.

लोभ आहेच, त्याचेही नूतनीकरण मुदतीत व्हावे ही विनंती.

तुझा,
दादा


ता. ९ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पेन्सिली मी विचारून नेत असे. तू ऐकत नसायचास.

तू सुचवलेली सोय नाही. सकाळी एक सही, जेवणानंतर एक आणि वर्ग संपल्यावर एक, अशा तीन सह्या लागतात. तिसरी झाल्याशिवाय मी कुणालाच प्रमाणपत्र देऊ शकत नाही. मधेच उठून गेलेल्याला पूर्ण हजर दाखवलं तर त्याचा परवाना राहतो आणि माझी मान्यता जाते. घरचीच बाई, असं लिहिलंस. घरचं माणूस म्हणून केलेल्या सह्यांचं काय होतं ते या घराने एकदा पाहिलंय.

दुसरं. शेवटचा तास जुनी पॉलिसी मोडायला लावून नवी विकण्यावर आहे. त्यात मी एक उदाहरण सांगते. शिकवायला लागल्यापासून प्रत्येक वर्गाला तेच सांगत आले आहे. नाव, गाव, नातं काही सांगत नाही. तू बसला आहेस म्हणून ते गाळणार नाही, आणि तू बसला आहेस म्हणून त्यात काही वाढवणारही नाही. ऐन वेळी कळू नये म्हणून आधी लिहून ठेवते.

लेक त्याच वर्गाला येणार आहे. तिचा तुझ्यावर किती जीव आहे ते तुला माहीत आहे. बाबांच्या मागे तिला गाडी शिकवली ती तू, कॉलेजात पोचवली ती तू. मी ते विसरलेले नाही. बाबांचा विमा का मिळाला नाही हे तिने विचारलं तेव्हा मी एवढंच सांगितलं, की कंपनीने नाकारला. त्यापुढे मी गेले नाही. तुझ्या ऑफिसात येऊ का, म्हणून रोज विचारते. वर्ग झाला की सांगते, असं तिला म्हटलंय. खरं तर मलाच तो दिवस जाऊ द्यायचा आहे. तू तो तास कसा ऐकतोस ते मला बघायचंय.

खुर्च्या साध्या आहेत. उशी हवी तर आणावी.

लोभ पूर्वीसारखा राहिला नसला, तरी राहावा.

तुझी,
धाकटी


ता. १४ फेब्रुवारी

निष्ठुरनियमपरिपालनधुरंधर चि. धाकटीस अ. उ. आ.

तुझे पत्र नव्हे, परिपत्रक मिळाले. तीन सह्यांची अट शिरोधार्य. उशीची सूचना मात्र माझ्या स्थूलतेवरचा गर्भित आघात आहे. त्याची स्वतंत्र नोंद घेतली आहे.

मला पुढील खुलासे हवेत. चहा संस्था देते की उपासकाने स्वतःचा आणावा? स्वतःचा आणल्यास पेय वर्गात चालते का? भावोजींनी मला दिलेला निळा थर्मास अजून ठणठणीत आहे, तो आणण्याचा मानस आहे. फळ्यापासून किती अंतरावर बसलेला मनुष्य झोपला तर तो झोपला असे नियमाने मानले जाते? आणि शेजारी भाची बसल्यास आम्हा दोघांना वेगळे बसवण्याचा जो अधिकार शाळेत बाई वापरत, तो तुझ्याकडे आहे काय?

पत्रातील इतर मजकूर पाहिला. सविस्तर वाचण्यास सवड झाली नाही. बारीक अक्षर वाचण्याची मला सवय नाही. आयुष्यभर ग्राहकांनाही मी ती लागू दिली नाही, केवळ त्यांच्या डोळ्यांच्या काळजीपोटी.

भाचीच्या टेबलावर काच बसवून घेतली. 'कनिष्ठ सल्लागार' अशी पितळी पाटी रंगवायला दिली आहे. पितळेवर रंग का द्यायचा असे रंगाऱ्याने विचारले, तेव्हा मी त्यास म्हणालो, की आमच्या धंद्यात असेच करतात.

कृपादृष्टी ठेवावी, तीक्ष्णदृष्टी आवरावी.

तुझा,
दादा


ता. २३ फेब्रुवारी

स्वतःच्या सख्ख्या भावास तराजूत बसवून त्याचे वजन भरसभेत वाचून दाखवणाऱ्या न्यायमूर्ती चि. धाकटीस आशीर्वाद. 'अनेक' आणि 'उत्तम' ही विशेषणे तूर्त राखून ठेवली आहेत.

काल शेवटच्या तासाला मला उठावे लागले. उदरात अकस्मात शूळ उठला. त्यास संस्थेचा चहा जबाबदार नाही, कारण चहा माझा होता. सकाळची सही आहे, जेवणानंतरची सही आहे. राहिलेली तिसरी उदरशूळाच्या खाती जमा धरून प्रमाणपत्र पाठवून द्यावे. महिना संपत आला आहे. परवाना गेला तर मी कोण, याचे उत्तर मजजवळ तयार नाही.

दिवसाच्या उर्वरित भागाविषयी तक्रार नाही. भिंतीवरची दिव्याची नळी भुणभुणत होती, खुर्चीने माझ्याशी जन्मांतरीचे वैर काढले, परंतु अध्यापन उत्तम. तुझ्या प्रत्येक नियमावर मी भाचीच्या कानात जे भाष्य करत होतो त्याने ती हसू दाबून लाल झाली होती, आणि फळ्याकडे तोंड करून उभी असताना तुझेही खांदे एकदा हललेले मी पाहिले. नाही म्हणू नकोस.

तथापि उदाहरण देताना दोन्ही बाजू मांडाव्यात, एवढे नीतिशास्त्र मलाही कळते. तुझ्या गोष्टीतला प्रतिनिधी मला सर्वथा अपरिचित आहे. तरी व्यवसायबंधू या नात्याने त्याची बाजू मांडणे प्राप्त होते. जुनी पॉलिसी अत्यंत क्षुद्र रकमेची होती, नवी भरघोस होती. प्रस्तावपत्रावर सही त्या गृहस्थाने स्वहस्ते केली, कोणी हात धरून करवली नाही. रक्तदाबाच्या गोळीविषयी, एवढेसे कशाला लिहायचे, असे प्रतिनिधी म्हणाला असे तू वर्गाला सांगितलेस. तू तिथे नव्हतीस. तू मागे कपडे वाळत घालत होतीस. म्हणजे गोष्टीतली पत्नी घालत असावी, असे मी अनुमान करतो. भरल्या अंगाचा माणूस वर्षाच्या आत जाईल आणि कंपनी जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या उकरून काढील, हे कोणाला आधी दिसते? आणि त्या विक्रीवर प्रतिनिधीला समुद्रकिनाऱ्याची सहल बक्षीस मिळाली, हा तपशील नीतिशास्त्राच्या कोणत्या कलमात बसतो? ती सहल त्या वर्षी पुष्कळांना मिळाली होती. जेवण सामान्य होते.

मला ठरवून बोलावलेस आणि ठरवून ऐकवलेस, एवढेच म्हणतो. निघताना भाचीशी बोलणे झाले नाही. तिला माझा निरोप सांग, की पाटी तयार आहे.

प्रमाणपत्राची वाट पाहत,
दादा


ता. २६ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

प्रमाणपत्र पाठवत नाही. तिसरी सही नाही, आणि पोटशूळाचं खातं अजून कुणी उघडलेलं नाही.

तुला मी बोलावलं नव्हतं. नाव तू नोंदवलंस. काय ऐकवणार तेही आधी कळवलं होतं. तू सवड नाही म्हणालास.

मी ते उदाहरण सांगते, कारण माझ्यापाशी तेवढंच पक्कं आहे. यांची जुनी पॉलिसी आमच्या लग्नाआधीची. एक हप्ता कधी चुकला नव्हता. ती असती तर इतक्या जुन्या पॉलिसीत कंपनी औषधं उकरत बसली नसती, दावा एका अर्जावर मिळाला असता. तू ती मोडायला लावलीस. नवं प्रस्तावपत्र आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून तू भरलंस, आणि नेहमी घेत असलेल्या औषधांच्या रकान्यात 'नाही' लिहिलंस. यांनी न वाचता सही केली, कारण लिहिणारा बायकोचा भाऊ होता. कपडे मी वाळत घालत होते हे खरं आहे. दोरी त्याच खिडकीबाहेर होती, दादा. सगळं ऐकू येत होतं. मीही आत आले नाही, कारण मलाही वाटलं, की तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

ते गेल्यावर कंपनीकडून जो नकार आला, त्याचा अर्थ लावता यावा म्हणून मी परवान्याची परीक्षा दिली. शिकवायला लागले ते त्यातूनच.

तू गेलास ती वेळ तुला माहीत आहे, पण कोणत्या वाक्यावर उठलास ते लेकीलाही कळलं. गोष्ट संपली होती. मागच्या रांगेतल्या एका वयस्कर प्रतिनिधींनी विचारलं, की तो माणूस पुढे त्या घरी कधी आला का. मी म्हटलं, येतो. प्रत्येक कार्याला येतो, पुढे बसतो, सगळ्यांना हसवतो. तेव्हा तू उठलास. तोवर तुझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. थर्मास काखेत मारलास आणि झाकण खुर्चीवर राहिलं, त्यातला चहा तसाच. लेक त्या झाकणाकडे बघत राहिली. मी पुढचे मुद्दे फळ्यावर लिहिले, ते तिने उतरवून घेतले नाहीत. आम्ही घरी आलो. दार उघडताना तिने विचारलं, मामाचं पोट खरंच दुखत होतं का. मी म्हटलं, त्यालाच विचार.

तू नुसता बसून राहिला असतास तर तिला जन्मात कळलं नसतं. मी सांगणार नव्हते. तुझी तिसरी सही घेतली असती, तिला तुझ्या ऑफिसात पाठवलं असतं, आणि मनाशी म्हटलं असतं, निदान ऐकून तरी घेतलं. माझं मागणं तेवढंच होतं. एक तास.

मार्चअखेरीस तोच वर्ग पुन्हा आहे. मुदत संपल्यावरही काही दिवस, दंड भरून आणि राहिलेला वर्ग पूर्ण करून परवाना चालू होतो. हा नियम तू वाचला नसशील म्हणून कळवते. मात्र अर्धवट वर्ग जमेस धरत नाहीत, सगळा पुन्हा बसावा लागेल. उदाहरण तेच असेल. ये.

झाकण संस्थेच्या कपाटात जमा केलं आहे.

राग मनात ठेवून का होईना, येत जा. हेच मागणं.

तुझी,
धाकटी


ता. ६ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

आई म्हणाली, त्याला फोनवर काही विचारू नकोस, नुसती हसून फोन ठेवशील. म्हणून लिहिते आहे.

मला एकच विचारायचं आहे. बाबांच्या प्रस्तावपत्रावर औषधांच्या रकान्यात जे 'नाही' लिहिलं आहे, ते बाबांनी तुला सांगितलं होतं, की त्यांनी गोळीचं सांगितल्यावरही तू तुझ्या मनाने लिहिलंस? आईने आता सगळं सांगितलं, पण तिने खिडकीतून ऐकलं ते मला पुरत नाही, कारण तू ऐकवतोस ते नेहमी वेगळं आणि जास्त छान असतं.

एका ओळीत उत्तर दे. कुठलंही असलं तरी मी वाचीन. तू लिहिलंस असं तू म्हणालास, तरी मी कदाचित येईन. माहीत नाही. पण उत्तर नसताना त्या टेबलावर बसून दुसऱ्या कुणाचं प्रस्तावपत्र मला भरता येणार नाही. किल्ली तोवर माझ्याकडे ठेवते.

काळजी घे.

तुझी,
भाची


ता. ४ एप्रिल

नवपरवानाविभूषित, प्रश्नैकशरसंधाननिपुण, मातुलगर्वकारण चि. भाचीस, भूतपूर्व विमा प्रतिनिधी, विद्यमान स्वतंत्र नागरिक, अशा मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तरास विलंब झाला, कारण कार्यालयात सामानाची मोजदाद चालली होती. परवाना संपल्याचे खात्याने कळवले. भाषा शुद्ध होती. त्यानंतर कंपनीची दोन तरुण मंडळी येऊन फायली घेऊन गेली. माझे ग्राहक आता कोणा तिसऱ्याच माणसाचे आहेत. त्यांतल्या एका आजोबांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, की मी वारलो काय. मी त्यांना अद्याप नाही असे सांगितले, तेव्हा त्यांना थोडे ओशाळल्यासारखे झाले. दारावरची पाटी मीच उतरवली. मागे भिंतीचा रंग नवा निघाला, चौकोनी. तो फार उठून दिसतो.

मार्चअखेरच्या वर्गाचे तुझ्या आईने कळवले होते. गेलो होतो. इस्त्रीचा सदरा घालून, उशी घेऊन गेलो होतो. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत पोचलो. वर तुझी आई हजेरी घेत होती, आवाज स्वच्छ येत होता. तिचा आवाज लहानपणापासूनच लांबवर जातो. मग गुडघ्यात कळ आली आणि मी परतलो. गुडघा हा नव्या पॉलिसीत वगळलेला अवयव आहे.

तू एका ओळीत उत्तर मागितले आहेस. तुझे पत्र माझ्यापुढे आहे. कागद चांगला आहे, समास सरळ सोडला आहेस. अक्षर वडिलांवर गेले आहे; हे माझ्या पूर्वी लक्षात आले नव्हते. त्याकडे पुष्कळ वेळ पाहत बसलो. त्या काळी प्रस्तावपत्रांचे रकाने फारच अरुंद असत, ही गोष्ट तुला वर्गात कोणी सांगितली नसेल. त्यात मनुष्याचे अख्खे आरोग्य मावत नसे. सगळेच प्रतिनिधी असेच भरत. हे मी सामान्य माहिती म्हणून लिहितो.

खिडकीजवळचे टेबल अजून तिथेच आहे. जागेच्या मालकाला ते नको आहे, मला घरात न्यायला जागा नाही. पितळी पाटी तेवढी घरी आणली. रंग आता सुटू लागला आहे, खाली पितळ दिसते. किल्ली परत पाठवण्याची तसदी घेऊ नकोस. कुलूप बदलले.

आईस आशीर्वाद सांग. तुझ्या आठवणीत मामाला एखादी खुर्ची ठेव, साधी असली तरी चालेल.

तुझा,
मामा

ता. क. त्या थर्मासाच्या झाकणाविषयी मी संस्थेला दोनदा लिहिले. तिथला कारकून कळवतो, की वर्गात राहिलेली वस्तू उमेदवाराने स्वतः येऊन, सही करून न्यावी, पोस्टाने पाठवण्याची पद्धत नाही. मला तो जिना पुन्हा चढायचा नाही. बाजारात मिळणारे एकही झाकण याला बसत नाही. एक जरा मोठे होते, एक आटे सोडून फिरते. वाटीने झाकून पाहिले तर ती घसरते. चहा घोटभर पिईस्तोवर गार होतो. कारकुनाचे म्हणणे आहे, की बाईंनी सांगितल्यास विचार करता येईल. तर आईला एवढे विचारून कळव, की झाकण पोस्टाने येईल की कसे.